कोंडाण्याचं दूध आणि नवं मशीन

३ फेब्रुवारी, सोमवार
खालापूरच्या आमच्या लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमीटर आलं. पुढच्या सोमवारी साहेबांसमोर डेमो. कोण देणार? अर्थात मी. बावीस वर्षांचा अनुभव. रोज मॅन्युअलची साठ पानं वाचणार.
रोहिणी (जॉइन होऊन जेमतेम आठ महिने) समजावायला आली. प्रोटीनचे एन्झाइमने तुकडे करायचे, तुकड्यांना विद्युतभार द्यायचा, मशीन त्यांचं वजन काढतं, वजनांवरून कॉम्प्युटर प्रोटीन ओळखतो. म्हटलं, ठाऊक आहे. थोडक्यात, वजनकाटा.

४ फेब्रुवारी
वाचन : तीन पानं. तिसरं कोरं होतं.
डेमोला दूध घेणार. त्यात केसीन हे प्रोटीन हमखास सापडतं. कोंडाणे गावचा चांगो घरी दूध घालतो, त्याच्याकडून पाव लिटर जास्त घेतलं. मशीनमध्ये घालणार म्हटल्यावर त्याचा चेहराच उतरला. "सायेब, पानी नाय घातलंय. कायबाय लिवू नका. डेअरीवाला दूद बंद करंल." म्हटलं, घाबरू नकोस, विज्ञान कुणाची बाजू घेत नाही.

६ फेब्रुवारी
सॅम्पल तयार. रोहिणीच्या सूचना : हातमोजे, टोपी, दूध हजारपट पातळ. हातमोज्यांत घाम येतो. अनुभवी हातांना गरजही नसते. पातळ मात्र मनापासून केलं, हजारावर थांबलो नाही. मशीन नवं आहे, त्याला त्रास नको.

७ फेब्रुवारी, दुपारी ३
केसीन नाही! माणसाचं केराटिन! गाईच्या दुधात माणसाचं प्रोटीन, जगात प्रथमच! रोहिणीला सांगितलं नाही, श्रेय वाटून द्यावं लागेल. साहेबांना मेल केला.

संध्याकाळी ५
रोहिणीने ग्राफ पाहिला. "सर, केराटिन म्हणजे कातडी, केस. हे तुमचंच आहे." आणि दूध? इतकं पातळ झालंय की मशीनला दिसलंच नाही म्हणे.
साहेबांचं उत्तर आलं : भेसळ गंभीर आहे. दूधवाल्याला सोमवारी बोलवा.
शनिवार-रविवारी खुलासा लिहीन.

१० फेब्रुवारी, सोमवार
खुलासा लिहिला नाही. चांगो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. साहेबांनी विचारलं, दुधात काय घालतोस? तो माझ्याकडे बघायला लागला. नवीन मशीनच्या सुरुवातीच्या अडचणींवर माझी पाच वाक्यं पाठ होती. एकही आठवलं नाही. "सर, पाणी मी घातलं. कातडीही माझीच," एवढंच बोललो.
चांगो चहा पिऊन गेला.
डेमो रोहिणीने दिला. मला दिवे बंद-चालू करायचं काम होतं. दोनदा पंखा बंद केला.