वाटाड्याची खोट

३ एप्रिल १९९४, रविवार, बोथ
दुपारभर प्रकाशच्या सायकल दुकानामागच्या खोलीत आमचा सोंगांचा खेळ, तोंडीच गोष्ट रचत पुढे जायचं. खेळ कमी, निवाडेच जास्त. प्र. आपल्या सोंगासाठी नवीन पेशा रचून आला होता, 'आगलाव्या'. हात लावील ते पेटतं. खोट काय, विचारलं. म्हणे, "त्याले तहान लय लागते." पंच मी, म्हणून छाटला. दिवसातून एकदाच पेटवेल, आणि स्वतःचाही हात भाजेल. आपला नियमच आहे, एक जोर लिहिला की एक खोट लिहायची. प्र. चहा येईपर्यंत फुगून बसला.

पुस्तकातले योद्धा, जादूगार, चोर आता कुणाला नकोत. प्रत्येकाला घरचा पेशा हवा, आणि प्रत्येकाचा पेशा दुसऱ्याला खाऊन टाकणारा. मेव्हण्याने हैदराबादच्या फूटपाथवरून या खेळाचं इंग्रजी पुस्तक आणलं, वाचता मला येत होतं, झालो पंच. तेव्हापासून राक्षस मी, वादळ मी, दार उघडणारा म्हातारा मी. खेळाडू एकदाही नाही. डोकं दुखतं आहे.

१० एप्रिल
विठ्ठलला सांगून टाकलं, एकदा तू पंच हो, मला खेळू दे. तो नेरडीगोंड्याहून बसने येतो, घरची कापसाची शेती, खेळात सगळ्यांत सावकाश. चिंचोक्यांचा डबा हलवत बसला. (चिंचोक्यांवर आकडे टाकलेत. पुस्तकात सांगितलेत तसले फासे इथे कुठले?) "मले कायदे पाठ नाईत, सर." म्हटलं, मलाही नव्हते. पोस्टातला नरसय्या त्याच्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं, पण तो म्हणाला, सरांना खेळू द्या, बिचारे म्हातारे व्हायला लागले. चाळिशीही गाठली नाही अजून!

१९ एप्रिल
बदलीचा हुकूम. आसिफाबादच्या पलीकडे. शाळा उघडताना तिथे हजर व्हायचं. दोन बस बदलून रविवारी इथे येणं जमायचं नाही. म्हणजे खेळ संपला. मुख्याध्यापकांनी अभिनंदन केलं, कशाचं ते कळलं नाही. बायकोला घाई, सुनंदाने लगेच डबे रिकामे करायला काढले.

तर खेळायचं ते आता, मे संपायच्या आत.

२४ एप्रिल
खेळ नाही. वि. च्या घरी पाहुणे. माझा पेशा पुरा केला, 'वाटाड्या'. अंधारात दिसतं, पण उन्हात डोळे दिपतात. कुठल्याही जंगलातून वाट काढतो, पण हत्यार धरत नाही. पाणी कुठे लागेल ते सांगतो, पण स्वतः शेवटी पितो. दोनदा तपासला. बोट ठेवायला जागा नाही. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

८ मे
ऊन फार. आज चाचणी. शेताच्या वाटणीत वाटे पाडणारा शेवटी उचलतो, तेच आमच्यात. पेशा रचणारा शेवटी खेळतो, आधी बाकीचे खेळून बघतात. म्हणजे कोणी स्वतःच्या ताटात जास्त वाढून घेत नाही. एरवी चाचणीला दिलेला पेशा परत मिळवायला भांडावं लागतं. आगलाव्याला तर न. ने महिनाभर सोडलं नव्हतं.

माझा वाटाड्या प्र. ने थोडा वेळ खेळून न. कडे सरकवला. न. ने चहा यायच्या आत माझ्याकडे. "चांगला आहे सर," प्र. म्हणाला. प्र. माझ्याशी इतका सभ्य कधी बोलला नव्हता.

वि. शेवटी पंच व्हायला तयार झाला. निवाडा पुढच्या रविवारी देतो म्हणाला. घरी येऊन सुनंदाशी उगाच तुसडेपणा केला.

१५ मे
निवाडा. वि. ने माझा कागद पुढ्यात घेतला. मग, "वजन बरोबर हाय, सर. कुठं कमी नाई, जास्त नाई."
म्हटलं, मग मंजूर?
"नाई. आमी सारे लालची. प्रकाशले आग पाहिजे. मले मराले नाई पाहिजे. या वाटाड्याले काय पाहिजे तेच दिसून नाई राह्यलं."

मग म्हणाला, एक जोर असा लिहून आणा, ज्याला खोट नाही. मगच खेळू देईन. मी चिडलो. इतकी वर्षं ज्यासाठी यांचे पेशे छाटले, वाईटपणा घेतला, तेच मला मोडायला सांगतो! चहा न पिता उठलो. कोणी थांबवलं नाही.

२० मे
काही सुचत नाही. लिहितो, आणि शेजारी खोट आपोआप लिहिली जाते. उडता येतं, पण. दगड बोलतात, पण.

सुनंदा विचारत होती, लाकडी टेबल न्यायचं की इथेच द्यायचं कुणाला. म्हटलं, काहीही चालेल.
"तुमी काईई चालते म्हनता, अन् मंग तोंड पाडून बसता."
तीही पंचच. टेबल न्यावं असं वाटतं, ते तिला सांगायला हवं होतं. वि. वरचा राग मात्र गेला. तो खरं बोलला, आणि ते लागलं.

२६ मे
टेबल नेऊ, सांगितलं. सुनंदाने त्याच्या पायांना गोणपाट गुंडाळायला घेतलं. सामान अर्धं बांधून झालं. दमलो आहे, आणि निघण्याआधीच तिकडचा कंटाळा आला आहे. प्र. शाळेच्या फाटकाशी भेटला, रविवारी या म्हणाला. सगळे येणार आहेत. शेवटचाच.

२९ मे, रविवार, सकाळ
लिहिलं. 'वाटाड्या एकदा, मनात येईल तेव्हा, वाटेतच बसू शकतो. तो बसला की बाकीच्यांनी पुढे जायचं नाही. त्याच्यासाठी थांबायचं.'

वाचून लाज वाटली. खोट लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. शेजारची जागा कोरी आहे.

वि. ची बस बाराला येते. तो विचारील, थांबायचं ते कधीपर्यंत? ते मी लिहिलेलं नाही.