कपाटामागून आलेलं उत्तर

आत्या, आज आतून उत्तर आलं. कणीक मळायची राहिली आहे, पण आधी तुला सांगते. घरात ज्यांना सांगायचं त्यांना दोन-दोनदा सांगून झालंय.

माझी मुलगी तू पाहिली नाहीस, तू गेल्यानंतरची ती. सात वर्षांची आहे, स्वमग्न आहे. कुकरची शिट्टी, सोसायटीचा पंप, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, सगळं तिच्या अंगावर येतं. मग ती कान दाबून घरभर फिरत राहते, आणि बोळिंजच्या आमच्या या एवढ्याशा घरात तिला थांबायला जागाच नव्हती. मला तर तू ओळखतेस. मिळेल ते सगळं वाचून काढलं आणि खिडकीखाली तंबू उभा केला. आत उशा, मऊ ससे, चांदण्यांच्या दिव्यांची माळ. ती आत डोकावली आणि किंचाळत बाहेर आली. माझं काय चुकलं हे शोधत बसले, तेव्हा कुठे माळेच्या प्लगला कान लावला. आत एक बारीक शिट्टी वाजत होती. लांबून मला ती कधीच ऐकू आली नसती. तंबू सोडून ती शिरली कुठे, तर लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये, जिथे आम्ही प्रवासाच्या बॅगा ठेवतो. तिने एकेक बॅग बाहेर ढकलली, आणि मला एकदम तू दिसलीस.

तू माजघरात भाताच्या कणगीमागे बसायचीस. शाळेत जायच्या आधीची माझी सगळी अक्षरं तिथली, सारवलेल्या जमिनीवर वालाचे दाणे मांडून शिकवलेली. माझ्याकडे तू बघायची नाहीस, दाण्यांकडे बघायचीस. लग्नघरातून तू मध्येच उठून यायचीस आणि लोक तुला तऱ्हेवाईक म्हणायचे. मला तू एवढंच सांगितलं होतंस, "कणगीवर वाजव. मी आतून वाजवलं तर ये. नाही वाजवलं तर मी रागावले नाही, एवढं समज आणि जा."

मी बॅगा माळ्यावर टाकल्या, जाड चादर अंथरली, तुझ्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला. सासूबाईंना ते पटलं नाही. म्हणाल्या, "पोरीला कोपऱ्यात डांबतेस? शिक्षा केल्यासारखी?" मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. तुझाच वाजवायचा नियम इथे लावला. पण कपाटावर वाजवलं की पत्रा घुमायचा आणि पोर दचकायची, हे त्यांनीच हेरलं. आपल्या माहेरचा मोडका पाट काढून भिंतीशी टेकवला. "यावर वाजव. लाकूड ओरडत नाही."

तेव्हापासून आम्ही वाजवायचो, थांबायचो, परत फिरायचो. आत ती ठीक असेल ना, या काळजीने मी पडद्याला हात घातला की सासूबाई ओढणी धरून मागे ओढायच्या. "आलं का उत्तर? नाही ना? मग चल."

आज पंप सुरू झाला आणि ती स्वतःहून उठून आत गेली. कान दाबले नाहीत, आत्या! मी पाटावर वाजवलं. काहीच नाही. वळले, तर मागून ठक ठक. मला वाटलं पंपाचाच आवाज. पुन्हा ठक ठक. आत गेले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, फक्त गुडघा जरा आवळून घेतला, माझ्यापुरती जागा झाली. बाहेर सासूबाई हातात लाटणं घेऊन उभ्या, कुजबुजत विचारत होत्या, "आलं?"

आता ती बाबांबरोबर खाली झोपाळ्यावर गेली आहे. हे पत्र पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. हे सगळं मी तिच्या जागेत बसून लिहिते आहे, पाठ भिंतीला लावून, आणि इथून उठावंसं वाटत नाही. मघाशी पाटावर वाजलं. सासूबाईंना कणकेचं विचारायचं असणार. मी वाजवलं नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि परत गेल्या. मग स्वयंपाकघरात परात खाली घेतल्याचा आवाज आला.