सोनकळी डोलते

९ जानेवारी, सकाळ
पहाटे काकड आरतीला नवा स्पीकर हत्तीखान्यातच लावला. सोनकळी लगेच डोलू लागली. डावीकडे, उजवीकडे, तासभर. बाया हात जोडून उभ्या. अठ्ठावीस वर्षं आश्रमाच्या दारात बांधलेली आहे, पण एवढी भक्ती माणसात नाही. डोळे भरले.

११ जानेवारी
जनावरांच्या डॉक्टर कामिनीबाई आल्या. म्हणाल्या, हे डोलणं भजनाचं नाही, एका जागी बांधून मनाला जडलेला आजार आहे. पायही सडतायत. एनरिचमेंट करा, म्हणजे तिचं मन रमेल असं काहीतरी. तीन गोष्टी लिहून दिल्या. पहिली: साखळी काढून रोज चार तास मोकळं फिरवणं. बाईंचा देवाधर्माशी संबंध कमी दिसतो. तरी तिन्ही करायच्या ठरवल्या. शेवटून सुरुवात.

१८ जानेवारी
टायर टांगला, आत रावेरची केळी लपवली. शिवली नाही. माहूत कौतिक म्हणाला, "भाऊ, साखळी दोन हात कमी पडस." टायर आत घेतला तर फोटोत येत नाही. शिवाय ती मूळचीच विरक्त.

२५ जानेवारी
चिखलाचा खड्डा झाला. तोही जरा लांबच पडला. म्हशी लोळतात. म्हशींचं एनरिचमेंट उत्तम.

१ फेब्रुवारी, गणेश जयंती
आज साखळी काढणार होतो. गर्दी. महाशिवरात्रीला नक्की.

२६ फेब्रुवारी
गर्दी. पाडवाच बरा, साडेतीन मुहूर्तांतला. कौतिक चिडला. "पाडवालोंग उभी ऱ्हाई का ती? पाय देखा तिना!" वास येतो खरा. उदबत्त्या वाढवल्या.

१२ मार्च
आता स्पीकर बंद असतानाही डोलते. भजन आतूनच ऐकू येत असणार. मला हे अजून साधलेलं नाही.

२९ मार्च
आज डोललीच नाही. दुपारपासून आडवी, सोंड देवळाकडे. साष्टांग. कामिनीबाईंना फोनवर सांगितलं, डोलणं थांबलं, तुमचं एनरिचमेंट लागू पडलं. त्या म्हणाल्या, मी लगेच तिकडे यायला निघते. कौतिक तिच्या कानाशी बसून आहे. जेवला नाही.

३० मार्च, पाडवा
सोनकळी पहाटे गेली.
साडेनऊचा मुहूर्त चुकवला नाही. साखळीचं पायातलं कडं कातडीत रुतलं होतं. कौतिकने हात लावला नाही, मीच करवत घेतली. दोन तास लागले.
साखळी काढली.