माझ्या लेकीवर कुणी दावा सांगू नये म्हणून

सारे सुखरूप पार पडो. तसे न झाले तर माझी इच्छा पुढीलप्रमाणे समजावी.

मी निकोमेनेस, थ्रासोनचा मुलगा, वय चौसष्ट, धंदा वल्ही तासण्याचा, राहणार अथेन्सचे बंदर पिरेयस, हा लेख शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाविना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पाणी माझ्या छातीत झाले आहे, डोक्यात नाही. वैद्य म्हणतो, ऑलिव्हची तोडणी संपेपर्यंत टिकाल. त्याचे बोलणे आजवर फारसे खरे ठरलेले नाही, तरी घाई केलेली बरी.

एक. बंदरामागचे घर, त्याला लागून असलेला वल्ह्यांचा कारखाना आणि परसात वाळत ठेवलेले सगळे लाकूड मी एउफ्रोन यास देतो. तो माझा जावई. पण जावई म्हणून देत नाही. या लेखाने मी त्याला मुलगा म्हणून दत्तक घेतो. माझी एकुलती एक मुलगी मिर्ताले त्याची बायको आहे आणि त्याचीच राहील.

हे शेवटचे वाक्य लिहावे लागते, याचाच मला संताप आहे. आमचा कायदा असा की मुलगा नसलेला बाप मेला म्हणजे मुलगी घराबरोबर जाते, दाराच्या बिजागरीसारखी. जवळचा पुरुष नातलग येतो आणि घर माझे, बाई माझी म्हणतो. तिचे लग्न झालेले असले तरी, मुलगा झाला नसेल तर ते मोडता येते. मिर्तालेला दोन वर्षांची मुलगी आहे. तिला यात धरत नाहीत. आणि माझा जवळचा पुरुष नातलग म्हणजे माझ्या मेलेल्या भावाचा मुलगा, दिफिलोस.

चूक माझीही आहे. धडधाकट होतो तेव्हाच दत्तक घ्यायला हवे होते. नातू होईल, मग कशाला, असे म्हणत मी तीन वर्षे घालवली. शेवटी गेल्या महिन्यात, मुलांना कुळात दाखल करण्याच्या अपातुरिया सणाला, एउफ्रोनला कुळबंधूंपुढे उभे केले आणि मेंढा वेदीवर चढवला. तेवढ्यात दिफिलोस पुढे आला आणि त्याने मेंढ्याचे शिंग धरून त्याला खाली ओढले. आमच्यात हरकत घ्यायची ती अशीच.

"काका, तुमचं डोकं ठिकाणावर नाही," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मिर्तालेनं कान भरलेत तुमचे."

"कान माझे आहेत. त्यात काय भरलं ते तुला कसं ऐकू आलं रे?"

कुळबंधू हसले. पण कुळप्रमुख हसला नाही. म्हणाला, "निकोमेनेस, बाईच्या सांगण्यावरून केलेलं दत्तकपत्र असो की मृत्युपत्र, कायद्यापुढे टिकत नाही. आता वाद नको. पुढल्या सणाला बघू."

पुढल्या सणाला मी नसणार, हे दिफिलोसला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

दोन. सदर दिफिलोस यास मी कुत्र्याच्या कातड्याची एक टोपी देतो. ती कारखान्यात खुंटीला आहे. ती मी कुठून आणली हे तो लहानपणापासून ऐकत आला आहे आणि त्याच्या डोक्यात काडीचा प्रकाश पडलेला नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

दिफिलोस केस वाढवतो, हिवाळ्यातही आखूड घोंगडी पांघरतो, अंघोळ टाळतो आणि त्याला स्पार्टाची शिस्त म्हणतो. "काका, तिथं माणसं राज्य करतात. इथं चांभार अन् कुंभार हात वर करून लढाया ठरवतात." त्याचा बाप माझ्याशेजारी बसून वल्ही तासत होता, हे तो विसरतो. दुरून डोंगर साजरे. मी त्या डोंगरावर चार वर्षे काढली आहेत. स्पार्टाच्या ग्युथेओन बंदराजवळ आमची नौका फुटली, मला धरून नेले आणि निकारेता नावाच्या विधवेच्या शेतावर नांगराला लावले. तिथल्या गुलाम शेतकऱ्यांबरोबर मलाही तीच टोपी घालावी लागे, म्हणजे लांबून कळावे की याला मारले तरी चालते. सुटून घरी आलो तेव्हा ती डोक्यावरच होती.

माझा जोडीदार फोर्बास नावाचा. त्या मातीतच जन्मलेला, बैलासारखा ताकदवान. स्पार्टाचे नवे अधिकारी दरवर्षी गादीवर बसले की आपल्याच गुलामांविरुद्ध युद्ध पुकारतात, म्हणजे त्यांना मारल्याचे पाप लागत नाही. फोर्बासला त्यांनी मारले. काही केले म्हणून नव्हे, अंगात जोर होता म्हणून. आणि त्यांची निवडणूक! उमेदवार पुढून चालत जातात, लोक ओरडतात, आणि बंद खोलीतली चार माणसे ठरवतात कोणासाठी जास्त ओरडा झाला. आमच्याकडे कोंबडेसुद्धा याहून रीतसर विकतात.

पण खरे ते खरे. निकारेताची जमीन तिच्या स्वतःच्या नावावर होती. बापाकडून आलेली. घोड्यावर बसून ती बांधावरून फिरे आणि मुकादमाला शिव्या घाली. एकदा तिने मला विचारले, "अथेन्सकरा, तुझी बायको तिकडे शेत विकत असेल ना, तुला सोडवायला?"

मी म्हणालो, "बाईसाहेब, आमच्याकडे बाईला पोतंभर जवाच्या वरचा व्यवहार करता येत नाही."

ती इतकी हसली की घोडा बुजला. "आणि आम्हाला रानटी म्हणता होय रे?"

एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे, अशी ही दोन नगरे. दिफिलोसला स्पार्टाचे केस हवेत, घोंगडी हवी, आणि बहिणीसारख्या मुलीवर दावा सांगायला कायदा मात्र अथेन्सचा हवा. त्याने टोपी घालावी आणि तिकडे जावे. वाटखर्च मी देत नाही.

तीन. माझा गुलाम मानेस, फ्रिगियाचा, याला मी मुक्त करतो. माझे तासणीचे दोन्ही वाकस, पटाश्या आणि मोठी करवत त्याची. एकतीस वर्षे तो माझ्याकडे आहे. फोर्बासची गोष्ट सांगून मी रडलो की तो ऐकून घेई. एकदाच म्हणाला, "मालक, त्यांची टोपी दिसते. आमची दिसत नाही, एवढंच." तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो होतो. ओरडायला नको होते. त्याला तेव्हाच मोकळे करायला हवे होते.

चार. मला साधेपणाने पुरावे. दिफिलोसने प्रेताला खांदा देऊ नये.

पाच, आणि हे पंचांसाठी, कारण दिफिलोस कोर्टात जाणारच. पाचशे एक जण बसाल, तेव्हा मिर्ताले तिथे नसेल. तिला तिथे बोलता येत नाही. पण ऐका. अपातुरियापासून तिने या विषयावर माझ्याशी एक अक्षर काढलेले नाही. एउफ्रोनने गोष्ट काढली की उठून आत जाते. एकदा मी चिडलो. "अगं, तुझ्याच संसाराचं बोलतोय. काहीतरी म्हण!"

ती मुलीचे केस विंचरत होती. म्हणाली, "बाबा, मसुरीत मीठ कमी झालंय का?"

ती रात्री रडते, हे भिंतीतून ऐकू येते. मला काही सांगत नाही, मागत नाही, हात जोडत नाही. एक शब्द जरी निघाला तरी हा लेख रद्द होईल, हे तिला कळते. ज्या नगरात मासळीवालाही युद्धावर भाषण करतो, तिथे माझ्या लेकीला स्वतःचा नवरा टिकवायला बापापुढे मुकी व्हावे लागले. या नगरासाठी मी वल्ही तासली, चार वर्षे टोपी घातली. मला लाज वाटते.

आज साक्षीदार बसले असता तिने दाराआडून पेले पुढे केले. त्यांनी लेख वाचू नये. तिने काय केले तेवढे सांगावे.

पिरेयस. मैमाक्तेरिओन महिना, वद्य चतुर्थी.

निकोमेनेस (मोहोर)

साक्ष: आर्खिप्पोस, दोरखंडवाला. मोहोर लावताना पाहिली. बाई बोलल्या नाहीत.

साक्ष: लाखेस, शेजारी. मोहोर पाहिली. बाई बोलल्या नाहीत.

साक्ष: तेलेसिनोस, नावाडी. मोहोर पाहिली. पेला घेताना मी विचारलं, पोरी, बरी आहेस ना? बाई बोलल्या नाहीत.