जबड्यातलं जिन

पारोळा,
जानेवारी १९९७

श्री. भाईदासभाऊ यांसी,

पारोळ्याहून देवचंद फिटरचा रामराम पोचावा. आपली, चिरंजीवांची आणि सूनबाईंची तब्येत कशी आहे, सुरतेचं पाणी मानवलं की नाही, ते कळवावे. (सुरुवातीला 'आपण' म्हणावं लागतं, ते म्हणून झालं. आता तू.)

इकडे बठ्ठं बरं शे, फक्त माझं तोंड उघडत नाही. हसू नकोस. दिवाळीपासून घास चावला की कानापाशी कट् वाजायचं. तुझी वहिनी चुलीपुढून विचारायची, "काय खडा चावी राहिनात?" मग आमचे व्याही अभिमन यांच्या मळ्यात भरिताची पार्टी झाली. कळण्याच्या भाकरीचा पहिला तुकडा तोंडाशी नेला आणि जबडा दोन बोटं उघडून अडकला तो अडकलाच. पंगत हाणत होती आणि मी फटीतून भरीत चाटत होतो. (तू असतास तर आधी माझ्या वाटचं संपवून मग विचारपूस केली असतीस. त्याचीसुद्धा आठवण आली.)

धुळ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं ठणठणीत. म्हणाले, जबड्याच्या सांध्यात एक लहानशी गादी असते, ती पुढे सरकली असावी. पण ती एक्स-रेत दिसत नाही, मुंबईला जाऊन एम. आर. आय. करा. मला तिथेच कळलं होतं. पुलीवरून पट्टा उतरला, एवढंच. पण फिटरचं कोण ऐकतो?

मुंबईचं ते मशीन म्हणजे भलामोठा चुंबक. अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. करदोडा काढताना तुझ्या वहिनीचे डोळे भरले. (चांदी चुंबकाला चिकटत नाही हे मी सांगत होतो, पण अडकलेल्या तोंडाचं कुणाला समजेना.) एक फोटो मिटल्या तोंडाचा, दुसरा दातांत ठोकळा धरून उघड्या तोंडाचा. अजिबात हलायचं नाही, असं बजावून मला नळीत सरकवलं आणि मशीन सुरू केलं.

भाईदास, ते आपलं जिन होतं रे, आपल्या जिनिंग कारखान्यातलं. कापूस भरलेला असताना करायचं तोच खडखडाट, तीच अंगात शिरणारी धडधड. जिनला कुलूप लागल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. डोळे मिटलेले होते आणि माझा हात आपोआप वर गेला. त्या गोंगाटात उभा जन्म आपण तोंडाने कुठे बोललो? हातानेच. मी तुला विचारलं, चहा आला का? मग सांगितलं, रोलर तापलाय. मग शेठ आल्याची खूण केली, नाकावर बोट ठेवून. आणि तुझ्या उत्तराची वाट पाहत पडून राहिलो. मशीन थांबलं. कर्ण्यातून आवाज आला, "काका, फोटो हलला. हात खाली." पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी माझे हात पट्ट्याने बांधले. तेव्हा मला फार एकटं वाटलं.

रिपोर्टात गादी पुढे सरकलेलीच निघाली. ऑपरेशन नको म्हणाले. मऊ खायचं, शेकायचं, आणि महिनाभर बोलणं बंद.

असो. काळजीचं कारण नाही. मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझा,
देवचंद

ता. क. डॉक्टरांनी विचारलं, झोपेत दात खाता ते कधीपासून? मी सांगितलं, जिन बंद पडल्यापासून. तुझी वहिनी मधेच म्हणाली, "नाही डॉक्टर, जिन बंद पडल्यावर चांगले घोरायचे. भाईदासभाऊ सुरतेला गेले तेव्हापासून खातात."

आणखी ता. क. बोलणं बंद म्हणून घरात हाताने बोलतो. वहिनीला वाटतं, माशा हाकलतोय. काल चहा मागितला तर तिने ऐन थंडीत पंखा लावला. गावात ही बोली समजणारं आता कुणी उरलं नाही. महिनाभरासाठी ये. सुरतेची मिठाई आणू नकोस. मला ती चावणार नाही, आणि तू बसमधून उतरशील तेव्हा तुझे हात मोकळे हवेत.