रिक्षा उभी आहे

नाना, माझ्या लेखांचं तुम्ही जे करायचात ते तुमच्यानंतर कुणी केलं नाही. लोक वाचतात, कुणी फोनवर अंगठा पाठवतं, एखादे निवृत्त डॉक्टर चूक काढतात, आणि दुपारपर्यंत सगळं विसरलं जातं. तुम्ही मात्र माझा लेख पाळायचात. आपल्या घरात पणजोबांपासून सगळे कचेरीतले, संस्थानाच्या काळापासूनचे. छापून आलं म्हणजे तो हुकूम, आणि हुकूम आला की त्याच दिवशी अंमल, हे तुमच्या हाडांत मुरलेलं. मुंबईच्या पेपरची रविवारची पुरवणी बडोद्याला उशिरा यायची, म्हणून आपल्याकडे अंमल सोमवारी सुरू व्हायचा. मी पाणी उकळण्यावर लिहिलं की सोमवारी निजामपुऱ्याच्या घरात गॅसवर सगळ्यांत मोठं पातेलं. मी डासांवर लिहिलं की आईच्या कुंड्यांखालच्या ताटल्या गायब. शेजारचे काका विचारायचे, मुलगी नोकरी कुठे करते? मुक्त पत्रकार म्हणजे काय, हे समजावणं तुम्ही केव्हाच सोडून दिलं होतं. "घरूनच हुकूम काढते," असं सांगून मोकळे व्हायचात.

मला त्याचा राग यायचा, हेही सांगून टाकते. भाषा कशी जमलीय, सुरुवात कशी झालीय, यावर तुम्ही काहीतरी बोलावं असं मला वाटायचं, आणि तुम्ही पेन घेऊन फक्त करायच्या गोष्टींखाली रेघा मारत बसायचात. एकदा शरीरातल्या पेशींवर मी एक अख्खा परिच्छेद लिहिला होता, फार जीव लावून. त्याच्याखाली एकही रेघ नव्हती. विचारलं तर म्हणालात, "वाचला की. पण यात करायचं काय?" मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही, आणि तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही.

तो सोमवार मात्र मला अगदी समोर दिसतो. बायकांच्या छातीतल्या गाठीवरचा माझा लेख आलेला. आई ओट्याशी थालीपीठ थापतेय, मी पहिलं थालीपीठ तव्यावरून उचलून उभ्या उभ्या खातेय. तुम्ही आत येता. जो शब्द लेखात सहा ठिकाणी छापलाय तो तुमच्या तोंडून निघणं या जन्मी शक्य नाही. म्हणून तुम्ही कात्रणाची घडी करून आईच्या चहाच्या बशीखाली सरकवता आणि चपला घालून निघून जाता. थोड्या वेळाने परत येऊन दारात उभे राहता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणता, "रिक्षा उभी आहे."

आई विचारते, कुठे जायचंय? तुम्ही बशीकडे बोट दाखवता. ती पिठाच्या हातांनीच कात्रण उघडते, वाचते, आणि माझ्याकडे अशी बघते की जणू मी तिची चुगली केलीय. आपल्याला काहीही झालेलं नाही, पोरीने लिहायचं आणि आपण निस्तरायचं हा कुठला न्याय, असं बराच वेळ चाललं. तुम्ही वाद घातला नाहीत. रिक्षावाला खोळंबलाय, एवढंच म्हणत राहिलात. शेवटी तिने गॅस बंद केला आणि साडी बदलली. वाटेत तुम्ही आत्यालाही तिच्या दारातून उचललंत. मला यावंच लागलं, कारण डॉक्टरांसमोर तुम्ही काय बोलणार होतात, कपाळ? दोघींनाही काही निघालं नाही. परत येताना आपण सगळे सेव उसळ खायला थांबलो. "तिखट-तेलकटावर तू अजून लिहिलेलं नाहीस, तोवर शांतीने खाऊन घेऊ," असं तुम्ही म्हणालात आणि आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

तिथेच, वाटीत पाव बुडवता बुडवता, तुम्ही मला बोललात. ओरडून नाही, पण लागेल असं. लेख चांगला झालाय, पण सावली गावातली ती बाई त्यात आलीच नाही, म्हणालात. त्याच लेखासाठी मी सावलीच्या दवाखान्यात गेले होते आणि एकटी कशाला जातेस म्हणून तुम्ही डबा घेऊन बरोबर आला होतात. मी आत डॉक्टरांना आणि नर्सबाईंना प्रश्न विचारत होते. तुम्ही बाहेर बाकावर. एक बाई दारापर्यंत यायची, पडद्याला हात लावायची आणि परत बाकावर येऊन बसायची. तुम्ही जगात सगळ्यांना जे विचारायचात तेच तिला विचारलंत, काही खाऊन निघालीस का? मग तिने तुम्हाला गाठीचं सांगितलं. म्हणाली, "काका, बीक लागे छे." भीती वाटते. तुम्ही तिला काही समजावलं नाहीत. नुसते उठून उभे राहिलात आणि "चालो" म्हणालात, आणि ती तुमच्यामागून आत आली. परतीच्या बसमध्ये तुम्ही हे सगळं मला सांगितलंत. मी म्हटलं, ही काही माहिती नाही, आणि मला जागाही कमी आहे.

"घाबरू नका, असं लिहिलंयस," तुम्ही त्या दिवशी वाटी पुसत म्हणालात. "घाबरलेल्याने काय करायचं, ते कुठे लिहिलंयस?"

मी म्हटलं, नाना, तो लेखाचा विषय नव्हता.

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता सुभानपुऱ्यात एकटी राहते. आई दादाकडे पुण्याला असते, गुडघ्यांवर मी काय लिहिलं ते वाचून दादाला कामाला लावते. आणि गेल्या महिन्यात अंघोळ करताना माझा हात एका जागी थांबला. डाव्या बाजूला, काखेजवळ. मला सगळं माहीत आहे, नाना. अशा बहुतेक गाठी साध्याच निघतात, हे मी लिहिलंय. हाताला लागून ते कळत नाही, दाखवावंच लागतं, हेही मीच लिहिलंय. तरी मी गेले नाही. आधी एक लेख द्यायचा होता. मग दुसरा. मग असं वाटलं की गावातल्या ज्या ज्या डॉक्टरांकडे जाता येईल त्या सगळ्यांच्या मी मुलाखती घेतल्यात, आता त्यांच्यासमोर पेशंट होऊन कसं बसायचं? घरून काम करण्याची हीच गोम आहे. समोरच्या टेबलावर कुणी नसतं, त्यामुळे तुझा चेहरा असा का झालाय, असं विचारणारंही कुणी नसतं. आईला फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तीनदा गुडघ्यांवरच बोलून ठेवला.

परवा त्याच पेपरच्या वेबसाइटवरून फोन आला. तो जुना गाठीचा लेख त्यांना पुन्हा टाकायचाय, जरा ताजा करून द्याल का? काल तो उघडला. माझीच वाक्यं, ठाम, नीटनेटकी, एकही चूक नाही. मग मी त्याचा प्रिंट काढला आणि पेन घेऊन तुमच्यासारखा वाचला, फक्त करायच्या गोष्टींखाली रेघ मारत. "लगेच दाखवा" याच्याखाली रेघ आली. "घाबरू नका" याच्याखाली येईना. त्यात करायचं काय?

ते वाक्य मी खोडलं. त्या जागी सावलीची बाई घातली, पडद्याला हात लावून परत जाणारी. आणि खाली लिहिलं की भीती वाटत असेल तर वाटू द्या, पण सोबत कुणाला तरी न्या. आणि घरात कुणी घाबरलेलं असेल तर तिला उपदेश करू नका, रिक्षा आणा. लेख पाठवला. संपादकांना आवडला. तुम्हाला आवडला असता का, माहीत नाही, पण रेघा भरपूर मारल्या असत्यात.

आता सकाळचे नऊ वाजायला आलेत. आजकाल रिक्षा फोनवरूनच मागवता येते, चपला घालून नाक्यापर्यंत जावं लागत नाही. आत्ताच रिक्षावाल्याचा फोन येऊन गेला, "बेन, नीचे ऊभो छुं." खाली उभा आहे म्हणे. आवाज तुमच्यासारखा मुळीच नव्हता, तरी मी जागची उठले.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून पर्समध्ये ठेवते. सोबत कुणाला तरी न्या, असं काल मी सगळ्या जगाला लिहून मोकळी झाले, आणि स्वतः मात्र कुणालाच विचारलेलं नाही. मैत्रिणीला नाही, आईला नाही. तुम्हालाच विचारतेय. बीक लागते, नाना. चला.