नानांचा ‘डेड रिंगर’

सोमवार, १६ मार्च १९८७, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. (माफीचा अर्ज देऊन आलो. घाईत लिहितोय, अक्षराला क्षमा असावी.)

तीर्थरूप बोआतेंग मामांना क्वाकूचा सविनय नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? मी सुखरूप आहे असं आईला सांगा. तुम्हाला खरं सांगतो.

काल आपल्या राजाच्या, नानांच्या नातवाचं बारसं झालं. आक्राचे पाहुणे येणार म्हणून इंग्रजी मानपत्र लिहायचं काम दरबारचा कारकून म्हणून माझ्याकडे आलं. (नोकरीला अजून तीनच महिने झालेत.) बाळ कपाळावरच्या आठीसकट आजोबांवर गेलंय. एवढंच साधं लिहिलं असतं तर आज मला जेवण गेलं असतं. पण कुमासीत घेतलेल्या वाक्प्रचारांच्या पुस्तकात ‘हुबेहूब’साठी ‘डेड रिंगर’ सापडलं. स्पेलिंग तीनदा तपासलं, आणि भर सभेत वाचलं.

नानांच्या वतीने बोलणारे ओपोकू काका प्रत्येक वाक्य आपल्या भाषेत सांगत होते. इथे मात्र त्यांची सोनेरी मुठीची काठी हवेतच राहिली. (राजा खरोखर गेला तरी आपण ‘नाना गावाला गेले’ म्हणतो. इथे तर नाना समोर बसून कोलाचं बी चघळत होते.)

“पोरा, कोण मेलंय?”

“कुणी नाही, काका.”

“मग घंटा कोण वाजवतोय?”

सभेतल्या म्हाताऱ्यांनी डोक्याला हात लावले. नाना काकांच्या कानाशी वाकले. काका म्हणाले, “नाना विचारतात, मेलेल्या माणसाला दंडाचा मेंढा चालतो का? नानांना चालतो. आणि गुन्हा इंग्रजीत केलास, माफीही इंग्रजीतच लिही. गुरुवारी सगळ्यांसमोर वाचू. पटली नाही, तर तुझी खुर्ची दुसऱ्याला.”

तुमचा घाबरलेला भाचा,
क्वाकू

ता. क. गुरुवारच्या आत तुमच्या कळपातला एक मेंढा घेऊन या. पांढरा, शिंगं शाबूत असलेला.

ता. क. दुसरा. अर्जात ‘डेड’ कटाक्षाने टाळलं. त्याच पानावरचं, त्याच अर्थाचं ‘स्पिटिंग इमेज’ घातलं. ‘स्पिट’ म्हणजे काय ते आत्ता शब्दकोशात पाहिलं. मामा, मी नानांना थुंकायला लावलंय. अर्ज काकांच्या पेटीत आहे आणि पेटीला कुलूप आहे.

हिशेब: पुस्तकाचे चारशे सेडी, गेले. मेंढे, देणे दोन. स्पेलिंगच्या चुका, एकही नाही.